दाखला नंतर मागा, पोरगं आज वर्गात बसवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, की महापालिकेच्या शाळा आता परप्रांतीयांनी भरल्यात, आपल्या पोरांना जागा उरली नाही, तर प्रवेश देताना आधी यांचं आधार, रहिवासी, जन्मदाखला सगळं कडक तपासा आणि नसेल तर सरळ परत पाठवा. मी रिटायर मुख्याध्यापिका आहे, सगळी नोकरी नाशिकच्या सरकारी शाळांत झाली, प्रवेशाच्या टेबलामागे बसणारी ती बाई मीच होते, त्यामुळे पत्र वाचून गप्प बसवेना. माझं पत्र थोडं मोठं होईल, कापायचं तर कापा पण मधलं कायद्याचं तेवढं कापू नका.

पहिलं म्हणजे जागा नाही हे खरं नाही. जागा भरपूर आहे, पोरं कमी आहेत. पत्र लिहिणाऱ्या साहेबांची नातवंडं कुठल्या शाळेत जातात मला माहीत नाही पण अंदाज करू शकते, सकाळी आमच्या कॉलनीतून ज्या पिवळ्या बस सुटतात त्यातल्या एखादीत असतील. जाऊ दे, तो त्यांचा प्रश्न. पण आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ३० पोरांमागे एक शिक्षक धरतात, पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, मग समायोजन म्हणजे त्याची दुसऱ्या शाळेत रवानगी, मग दोन वर्ग एकाच बाईंकडे, मग उरलेले पालक पण आपली पोरं काढून घेतात आणि एक दिवस शाळेला कुलूप. अंबड, चुंचाळे, सातपूर त्या पट्ट्यातल्या मराठी शाळांचा पट मी जेवढा बघितलाय तेवढा तो बिहार, यूपी, मराठवाडा, खानदेशातून कामाला आलेल्यांच्या पोरांवर उभा आहे. मराठी शाळा वाचवा म्हणून मोर्चे काढायचे आणि त्याच शाळेत चालत आलेलं पोरगं दारातून परत लावायचं, हे दोन्ही एकाच तोंडाने कसं बोलता येतं मला समजत नाही.

आणि बाहेरचे म्हणजे नेमके कोण तेही बघू ना एकदा. एक झाले कंपन्यांतले हेल्पर, वेल्डर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, आडगाव साईडला ज्या टोलेजंग बिल्डिंगा चालल्यात तिथले सेंट्रिंगवाले, फरशीवाले, पीओपीवाले, बायका डोक्यावर घमेली घेऊन चढतात आणि पोरं वाळूच्या ढिगावर. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, रस्ते, पूल, घाट सगळीकडे कामं काढलीत, म्हणजे अजून माणसं येणार, आणि ती सगळी एकटी येत नाहीत. दुसरे आपले पेठ, सुरगाणा, हरसूलकडचे. भात, नागली काढून झाली की दिवाळीनंतर ही माणसं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात, गिरणाऱ्याला सकाळी मजुरांचा बाजार भरतो तो ज्यांनी बघितला नाही त्यांनी एकदा जाऊन बघावा. ही तर पिढ्यानपिढ्या याच जिल्ह्यातली माणसं, त्यांना कोणी परप्रांतीय म्हणत नाही. पण शाळेच्या दारात त्यांच्या पोरांची गत अगदी तीच होते जी बिहारच्या पोराची होते. म्हणून म्हणते, पोरगं कुठल्या राज्याचं आहे यापेक्षा ते मधल्या वर्षात आलंय आणि कागदाशिवाय आलंय, हा खरा मुद्दा आहे.

टेबलावर काय होतं ते सांगते. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर, सहामाही जवळ आलेली. एक बाई येते, कडेवर एक, हाताला धरलेलं एक, आणि हातात कापडदुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून ती एकेक काढून टेबलावर मांडते, नवऱ्याचं मतदानकार्ड, गावचं रेशनकार्ड, पोराचं लसीकरणाचं कार्ड पार दुमडून चिंध्या झालेलं, आधारची झेरॉक्स. आधारवर पोराची जन्मतारीख ०१/०१, कारण आधारवाल्याने विचारलं, हिला तारीख माहीत नव्हती, त्याने एक जानेवारी टाकून दिली. बापाचं नाव रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं. गावच्या शाळेचा दाखला नाही. का नाही तर निघताना मागायचा असतो हेच माहीत नाही, आणि मागितला असता तरी मास्तर म्हणाले असते मार्चनंतर या. ती म्हणते, मॅडम, कागज तो गांव में है, पहले बैठने तो दो. आणि आपल्याकडचं ठरलेलं उत्तर काय? दाखला घेऊन या ताई, मग बघू. आता दाखल्यासाठी दरभंग्याला जायचं म्हणजे नवऱ्याचे किती खाडे, तिकीट किती, ती कशाला जाईल. ती गेली की परत येत नाही. पोरगं साइटवर राहतं, आणि आपल्या रेकॉर्डला त्याची कुठेच नोंद नसते, म्हणजे शाळाबाह्य मुलांच्या सर्व्हेतही ते सापडेल याची गॅरंटी नाही.

आणि गंमत म्हणजे कायदा पूर्ण त्या बाईच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, म्हणजे आता काही नवीन राहिला नाही. कलम ५ सांगतं की दुसऱ्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश लांबवायचा नाही किंवा नाकारायचा नाही, उलट दाखला द्यायला जो मुख्याध्यापक उशीर करेल त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई. कलम १४, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. जन्मदाखला नसला तर अंगणवाडीची नोंद चालते, नाहीतर आईबापाने लिहून दिलेलं चालतं. कलम १५, मुदत संपल्यावर आलं तरी प्रवेश द्यायचाच. कलम ४, वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे पडलेल्या पोराला वेगळं शिकवून बरोबरीला आणायचं. आणि कलम ९ तर कोणी वाचतच नाही, त्यात स्थानिक प्राधिकरणाची म्हणजे आपल्या महापालिकेची, जिल्हा परिषदेची कामं दिलीत आणि त्यात स्पष्ट एक काम आहे, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश करून घेणे. करून घेणे. म्हणजे त्यांनी यायची वाट बघायची नाही, आपण जायचं. आधारचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलंय की शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं नाही आणि आधार नाही म्हणून कुठल्याही पोराचा लाभ अडवायचा नाही.

मग मुख्याध्यापक असं का वागतात? सगळे काही वाईट नसतात हो. सरकारी प्राथमिक शाळेत क्लार्क नसतो, मुख्याध्यापकच क्लार्क, तोच खिचडीचा हिशोब ठेवणार, तोच सरल, यूडायस या सरकारी पोर्टलांवर माहिती भरणार, तोच पोरांच्या अपार आयडीच्या मागे लागणार. गेल्या काही वर्षांत संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, आधार व्हॅलिड झालेल्या पोरांवर ठरते. म्हणजे कोर्ट म्हणतं आधारशिवाय घ्या, आणि ऑफिस म्हणतं आधार मॅच होत नाही ते पोरगं आम्ही मोजणार नाही. घेतलं तर ते वर्गात बसणार, खिचडी खाणार, पुस्तक मागणार पण पटात दिसणार नाही, आणि वर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलणी खायची की तुमच्या शाळेचे इतके पेंडिंग. अशा माणसाने दारातच नको म्हटलं तर मला त्याचा राग येतो पण आश्चर्य वाटत नाही. यावर उपाय मुख्याध्यापकांना उपदेश करून होणार नाही, शिक्षण विभागाने लेखी सांगायला पाहिजे की मधल्या वर्षात आलेलं पोरगं हजेरीपटावर आलं की मोजलं, आधारचं आम्ही बघू. आणि खरंच बघायला पाहिजे, म्हणजे आधारचं मशीन महिन्यातून एकदा शाळेत आणायचं, त्या बाईला सेतूच्या लाइनीत उभं करायचं नाही. कागद जमवणं हे शाळेचं आणि ऑफिसचं काम आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यावर कागदाचं काम टाकायचं हा कुठला न्याय.

आता थोडं लांबचं सांगते, लांबचं वाटेल पण आपल्याच घरातलं आहे. माझी भाची न्यू जर्सीत असते. नाशिकमध्ये अशी किती घरं आहेत ज्यांचं कोणी ना कोणी तिकडे आहे, तर तिकडे आपली पोरं कोण आहेत? स्थलांतरितच ना. तिचा मोठा शाळेत घालायचा होता तेव्हा ही आपल्या सवयीने व्हिसा, पासपोर्ट, सगळी फाइल घेऊन तिथल्या सरकारी शाळेत गेली. तिथल्या बाईंनी घराचा करार, लाइटचं बिल, जन्मतारखेचा कागद आणि लसीकरणाचं रेकॉर्ड घेतलं. व्हिसा बघितलाच नाही. हिने पुढे केला तर म्हणाल्या हे आम्ही घेत नाही.

त्याच्यामागे एक केस आहे. टेक्सास राज्याने १९७५ ला कायदा केला की कागद नसलेल्या परदेशी मुलांच्या शिक्षणाला सरकारी पैसे द्यायचे नाहीत. मग टायलर नावाच्या गावच्या शाळांनी १९७७ ला अशा पोरांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागितली, मेक्सिकोहून आलेल्या मजुरांची पोरं ती, कुठून आणणार. काही कुटुंबं कोर्टात गेली, पण नावं उघड झाली तर देशाबाहेर काढतील म्हणून खरी नावं लपवून, म्हणूनच त्या केसचं नाव प्लायलर विरुद्ध डो, डो हे तिकडे निनावी माणसाला लावतात ते नाव. १५ जून १९८२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चारने निकाल दिला, जस्टिस ब्रेनन यांनी लिहिला, की आईबापाने काय केलं त्याची शिक्षा पोराला देता येणार नाही, आणि अशी अख्खी पिढी अडाणी ठेवून देशाचाही काही फायदा नाही. एका मताने वाचलं म्हणायचं. तेव्हापासून तिथल्या सरकारी शाळा इमिग्रेशनचे कागद मागत नाहीत.

तिथे सगळं छान चाललंय असं अजिबात नाही हं. आधी असं होतं की इमिग्रेशनच्या लोकांनी शाळा, हॉस्पिटल, चर्च अशा ठिकाणी शक्यतो कारवाई करायची नाही, तशी सूचना २०११ पासून होती, ती जानेवारी २०२५ मध्ये नव्या सरकारने काढून टाकली. पोरं घाबरली, काही आईबापांनी घरीच ठेवली. पण मला सांगायचंय ते पुढचं, की शाळांनी काय केलं. भाचीच्या पोराच्या शाळेतून पालकांना पत्र आलं. त्यात साधंसरळ लिहिलं होतं, की असे कोणी अधिकारी दारात आले तर ऑफिसातल्या माणसाने त्यांना आत सोडायचं नाही, न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट आहे का विचारायचं, कारण त्या खात्याचं स्वतःचं कागदी वॉरंट वेगळं असतं आणि त्यावर न्यायाधीशाची सही नसते, आणि लगेच वरच्या ऑफिसला फोन लावायचा. पोराची माहिती पालकांच्या संमतीशिवाय सहसा कोणाला द्यायची नाही हा तर तिथे १९७४ पासून कायदाच आहे. कॅलिफोर्नियात २०१७ ला वेगळा कायदा करून सांगितलं की शाळेने ही इमिग्रेशनची माहिती गोळाच करायची नाही. मला हे फार पटलं. जे लिहून घेतलंच नाही ते उद्या कोणी मागितलं तरी देणार काय.

आणि त्या पत्रात अजून एक होतं, संपर्काचं कार्ड नव्याने भरून द्या, तुम्ही संध्याकाळी घ्यायला येऊ शकला नाहीत तर पोराला कोणाच्या ताब्यात द्यायचं त्याचं नाव आणि नंबर. भाचीचे कागद सगळे ओके आहेत तरी ते भरताना तिचा हात थरथरला म्हणाली.

आता म्हणाल नाशिकच्या शाळेत कुठे इमिग्रेशनवाले येतायत. नाही येत. आपल्याकडे येणारे बहुतेक सगळे भारताचेच नागरिक, घटनेच्या कलम १९ ने त्यांना कुठेही जाऊन राहायची, कामधंदा करायची मुभा दिलीय. पण भीती असते हो. फेब्रुवारी २००८ आठवा, मारहाणीच्या बातम्या आल्या आणि हजारो उत्तर भारतीय कामगार नाशिक सोडून गेले. ते गेले ते बातम्यांत आलं, त्यांच्या पोरांचं काय झालं ते आलं नाही. शाळेत एका आठवड्यात बाकं रिकामी झाली, कोणी दाखला मागायलासुद्धा आलं नाही. मग २०२० चा लॉकडाऊन, मुंबई-आग्रा हायवेवर माणसं चालतायत, १ मे ला महाराष्ट्रातली पहिली श्रमिक स्पेशल सुटली ती आपल्या नाशिकरोडहून, भोपाळला. पुन्हा तेच. पोरांची वह्या-पुस्तकं खोल्यांत राहिली, नावं आमच्या रजिस्टरला राहिली, आणि त्यांच्या बापांचे जे मोबाइल नंबर आमच्याकडे होते ते सगळे बंद. तेव्हापासून मी प्रत्येक फॉर्मवर दोन नंबर घ्यायला लावले, एक इथला आणि एक गावच्या घरचा, आजोबाचा, चुलत्याचा, कोणाचाही. आई पडली, बाप पडला, ठेकेदाराने रातोरात गँग दुसऱ्या साइटला नेली, कधीही काहीही होतं, आणि पोरगं आपल्या गेटवर पाच वाजता उभं असतं. फुकटचं काम आहे हे, जीआर लागत नाही त्याला.

आणि अलीकडे अजून एक नवीन. बांगलादेशी शोधायच्या मोहिमा चालू आहेत, पोलिसांचं काम आहे, त्यांनी करावं. पण त्यात २०२५ ला मुंबईकडून पश्चिम बंगालचे काही मजूर उचलून सीमेपलीकडे पाठवले आणि मग ते भारतीयच निघाले म्हणून परत आणावे लागले, हे पेपरातच आलं. बंगाली बोलणाऱ्या आईबापाला यातून काय समजेल? पोराला शाळेत घालायचं म्हणजे कुठेतरी नाव लागणार, पत्ता लागणार, त्यापेक्षा नको. दिल्लीत तर डिसेंबर २०२४ ला तिथल्या महापालिकेने शाळांनाच सांगितलं की बेकायदा बांगलादेशींची पोरं हुडका. मास्तरांनी हेच करायचं का आता? पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये रोहिंग्या मुलांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या मुलांनी सरळ सरकारी शाळेत प्रवेश मागावा आणि नाकारला तर हायकोर्टात जावं. म्हणजे परदेशातून आलेल्या पोरासाठी पण दार हे आहे. मग आपल्याच देशातल्या समस्तीपूरच्या, मालद्याच्या, सुरगाण्याच्या पोराला आपण कुठल्या तोंडाने अडवतोय. पत्र लिहिणारे गृहस्थ म्हणतात कडक तपासा. मी म्हणते शाळेने प्रवेशासाठी घेतलेली माहिती शाळेतच राहिली पाहिजे, कोणी फोन करून यादी मागितली तर लेखी आदेश दाखवा म्हणायचं आणि वरिष्ठांना कळवायचं, तोंडी काही द्यायचं नाही. हे महापालिकेने एकदा परिपत्रक काढून सांगितलं तर मुख्याध्यापकाच्या अंगावर काही राहत नाही.

प्रवेश झाला म्हणजे संपलं असं पण नाही. अकरा वर्षांचं पोरगं वयाप्रमाणे पाचवीत बसवलं, कायद्याने बरोबर, पण त्याला मराठी येत नाही, हिंदी वाचता येत नाही, घरी भोजपुरी. मधल्या सुट्टीत बाकीची पोरं ए भैय्या, ए भैय्या करून मागे लागतात. ते पोरगं दोन दिवस ऐकून घेतं, तिसऱ्या दिवशी ठोसा लावतं, आणि मग त्याच्याच आईला बोलावतात. चिडवणं हा पण मानसिक छळच आहे आणि शाळेने तो थांबवायचा असतो, हे किती शाळा धरतात? माझा अनुभव असा की भाषेची फार भीती नाही, सहा-सात वर्षांचं पोरगं दिवाळीपर्यंत मराठीत भांडायला लागतं, आणि भांडता आलं की मराठी आली समजायची. मोठ्यांना वेळ लागतो, त्यांना रोज तासभर वेगळं घ्यायला लागतं. ते कलम ४ चं विशेष प्रशिक्षण म्हणतात ते हेच, पण प्रत्यक्षात बाईंकडे दोन वर्ग असतील तर कधी घेणार. आम्ही आधीच्या वर्षी आलेली पोरं नव्याच्या शेजारी बसवायचो, तो त्याच्या भाषेत सांगायचा, बाईंचं मराठी एका कानात आणि दोस्ताचं भोजपुरी दुसऱ्या कानात, आणि काम व्हायचं. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी पोरांची अशीच केस झाली होती, १९७४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सगळ्यांना तेच पुस्तक आणि तेच बाक दिलं म्हणजे समान वागवलं असं होत नाही, पोराला भाषाच कळत नसेल तर त्याला शिकवलंच नाही. आपल्याकडे २०२० ला सगळ्या शाळांत मराठी सक्तीचा कायदा झाला, चांगलं झालं, पण मराठी शिकवायची तर आधी त्या पोराशी त्याला कळेल असं बोलायला पाहिजे ना. सुरगाण्याचं पोरगं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतं, त्याला आपली पुस्तकातली मराठी पण परकीच वाटते, पण त्याला मराठी येतेच असं सगळे धरून चालतात, म्हणून त्याचे हाल जास्त.

त्या बागेतल्या पोरांबद्दल मात्र मला जास्त लिहायचंय कारण त्यांच्याबद्दल कोणी पत्रं लिहीत नाही. दिंडोरीकडे एका ओळखीच्यांच्या बागेत गेले होते, विरळणी चालू होती, बायका मांडवाखाली मान वर करून कात्री चालवतायत, आणि बांधावर बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली, त्यात तान्हं, आणि झोळीची दोरी धरून नऊ-दहा वर्षांची पोरगी बसलेली. दोरी ओढता ओढता दुसऱ्या हाताने मातीत काडीने पाढा लिहित होती, तेराचा. तेरा सत्ते एक्याण्णवला अडली आणि पुसून पुन्हा पहिल्यापासून. विचारलं कितवीला, तर म्हणाली चौथीला, पेठकडे. शाळेत नाव आहे का अजून? माहीत नाही. आणि नसतंच बहुतेक वेळा. दिवाळीनंतर पोरगी आली नाही की सतत गैरहजर असा शेरा पडतो, आणि होळीला परत आली की ती मागे पडलेली असते आणि मास्तर वैतागलेले. शिक्षण हमी कार्ड नावाची गोष्ट आपल्या सरकारने काढलीय, गाव सोडताना पोराला कार्ड द्यायचं, त्यावर कितवीत आहे, काय येतं ते लिहायचं, आणि जिथे जाईल तिथल्या शाळेने ते बघून बसवून घ्यायचं, परतताना तिकडची हजेरी घेऊन यायची. कल्पना एक नंबर. शाळाबाह्य पोरं शोधायला बालरक्षक म्हणून शिक्षक नेमले, २०२२ च्या जुलैमध्ये त्यासाठीच मिशन झिरो ड्रॉपआऊट केलं. पण जुलैमध्ये स्थलांतरित पोरं शोधून काय मिळणार, जुलैत ती गावात भात लावतायत! शोधायचं तर डिसेंबर-जानेवारीत दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या बागांत जा. ऊसतोडीच्या पोरांसाठी गावातच हंगामी वसतिगृहं चालवतात, आईबाप गेले तरी पोरं मागे राहून शिकतात, इकडे आश्रमशाळा आहेत पण झोळीची दोरी धरायला जी नेतात ती पोरगी आश्रमशाळेत कशी राहील, तिच्यासाठी आधी त्या तान्ह्याची सोय लागते. म्हणजे हंगामापुरती बागांजवळ अंगणवाडी. बागाईतदारांनी मनावर घेतलं तर एक शेड काही जड नाही त्यांना, एक्सपोर्टची द्राक्षं लावणाऱ्यांना तर नाहीच.

पालकांचंही तसंच. पालकसभा मंगळवारी अकराला ठेवायची आणि मग म्हणायचं या लोकांना पोरांची काळजी नाही. रोजंदारीवरचा माणूस अकराला आला म्हणजे दिवसाची मजुरी गेली. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा, संध्याकाळी सातला साइटवरच ठेवा, आम्ही ठेवलीय, ठेकेदारच खुर्च्या देतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, त्यात एक तरी बाई स्थलांतरितांतली घ्या. आणि सभेत नुसता अभ्यासाचा उपदेश नको, कामाच्या गोष्टी सांगा. गावचं रेशनकार्ड आता इथे पण चालतं हे कित्येकांना माहीत नसतं. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल तर पहिली ते सातवीच्या पोराला वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीला ५,००० रुपये मिळतात, दोन पोरांपर्यंत, अट ७५ टक्के हजेरीची. नोंदणीला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ठेकेदार देत नाही, तिथे मुख्याध्यापकाने एक फोन केला तर देतो, हे मी करून बघितलंय. पैसे हजेरीला जोडलेले आहेत, म्हणजे बाप स्वतःच पोराला गेटपर्यंत सोडतो.

सिंहस्थाच्या कामांची टेंडरं निघतायत, त्यात रस्त्याची जाडी, सिमेंटची ग्रेड सगळं लिहिलेलं असतं. त्यात एक ओळ टाका की साइटवर सहा ते चौदा वयाची किती पोरं आहेत ती यादी ठेकेदाराने दर महिन्याला जवळच्या शाळेला द्यायची, फक्त नाव आणि वय, बाकी काही नाही. महापालिका स्वतःच टेंडर काढते आणि शाळा पण तिच्याच, तर एका खात्याने दुसऱ्याला कळवायला किती वेळ लागतो.

आणि संपादक साहेब, पेपरात जागा असेल तर माझं बाकी पत्र बारीक टाइपात घ्या पण कलम ५, १४ आणि १५ एका चौकटीत मोठ्या अक्षरात छापा, हिंदीतून पण छापलं तर अजून चांगलं. मुख्याध्यापकांना टेबलाच्या काचेखाली ठेवता येईल आणि त्या बाईला पिशवीत, एवढ्या साईजचं.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
पाथर्डी फाटा, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती)